मैफल की रेकॉर्डिंग? मैफलीला नव्याने येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाबद्दल आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात मैफल म्हटलं की आधी तेच आठवतं, आणि मैफल व रेकॉर्डिंग यांच्यातला फरकही तिथेच सगळ्यात ठळक दिसतो. भावगीत-नाट्यगीतांचा हिशेब निराळा आहे, तो खाली वेगळा मांडला आहे. उत्तरं एका जुन्या श्रोत्याची आहेत, संगीतशास्त्रज्ञाची नव्हेत. त्यामुळे आवडीनिवडी लपवलेल्या नाहीत.

सगळं गाणं फोनवर फुकट मिळतं. मग लोकलचे धक्के खात, तिकीट काढून मैफलीला का जायचं?

फोनवरचं गाणं होऊन गेलेलं असतं. मैफलीतलं अजून व्हायचं असतं, आणि ते कसं होईल हे गाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गायकाने राग आणि बंदिश, म्हणजे त्या रागातली बांधलेली रचना, मनाशी योजलेली असते. कधीकधी तंबोरे जुळत असताना तीही बदलते. बंदिशीच्या ओळी मोजून चार, स्थायीच्या दोन आणि अंतऱ्याच्या दोन. त्यावर पाऊण तासाचा ख्याल उभा राहतो तो तिथल्या तिथे. गंधारावर किती थांबायचं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुठल्या वाटेनं उतरायचं, तान आत्ता घ्यायची की तालाची अजून एक फेरी, म्हणजे आवर्तन, आलापातच काढायचं, हे सगळं तुमच्यासमोर ठरत असतं. जोखीमही तिथेच असते. लांबलचक तान घेऊन मुखड्याला, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याला, पोचायला गायकाला अर्धी मात्रा उशीर होतोय असं वाटतं, सगळं सभागृह श्वास रोखतं, आणि तो कुठूनतरी वाट काढून बरोब्बर समेवर येतो. त्या क्षणी जो हुंकार उठतो तो कोणी शिकवलेला नसतो.

दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा मोठं वाटतं. मैफलीत तुम्ही गाणाऱ्याला ऐकत असता तसा गाणाराही तुम्हाला ऐकत असतो. एखादी जागा पडते, पुढच्या रांगेतून नकळत ‘आहा’ निघतं, आणि गायक तिकडे एकदा बघून त्याच जागेपाशी परत येतो, या वेळी खालून. तबलावादक ओठांतल्या ओठांत हसतो आणि ठेका किंचित भरतो. श्रोते थंड असतील तर विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, आटोपतं घेतलं जातं, जाणकार दिसले तर एखादा अनवट राग बाहेर येतो. खासगी बैठकीत, वीस-पंचवीस माणसांत, हे इतकं उघड दिसतं की गाणं कुठे वळलं ते कोणाच्या मान डोलावण्यानं वळलं हेही सांगता येतं. रेकॉर्डिंगला तुम्ही घरी कितीही मनापासून ‘क्या बात है’ म्हणा, पुढचा स्वर ठरलेलाच असतो.

म्हणजे मैफलीतला आवाज रेकॉर्डिंगपेक्षा चांगला असतो?

बऱ्याचदा नसतो. ‘प्रत्यक्ष ऐकण्याची सर कशालाच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली भरलेला कार्यक्रम आठवून पाहावा. तबल्याचा आवाज छातीवर आदळतो, तंबोरे ऐकूच येत नाहीत, तार षड्जाला स्पीकर शिट्टी मारतो आणि गायक दर पाच मिनिटांनी साउंडवाल्याला ‘मॉनिटर वाढवा’ म्हणून खुणा करत राहतो. चांगल्या स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण त्याहून शंभरपट स्वच्छ असतं.

पण तुलना कशाशी करता हेही पाहायला हवं. बहुतेक जण रेकॉर्डिंग ऐकतात ते फोनच्या स्पीकरवर. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्‌झवर. एवढे खालचे सूर फोनचा चिमुकला स्पीकर जवळजवळ वाजवतच नाही. तंबोऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारांच्या झणकारातून, वरच्या स्वरांशांची रास निघते, त्यावरून आपला कान मूळ सूर जुळवून घेतो, म्हणून खर्ज ‘कळतो’ खरा; पण त्याचं वजन निघून गेलेलं असतं. डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या आवाजाच्या वाद्याची, घुमक तर पार पुसली जाते, उरते ती तबल्याच्या काठाची, चाटीची टकटक. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, आलापाला लोक कंटाळवाणा म्हणतात त्यात या स्पीकरचा वाटा मोठा आहे, असा माझा संशय आहे. साधे पण बरे हेडफोन लावून तोच आलाप ऐकून बघा.

याच्या दुसऱ्या टोकाला चांगलं सभागृह. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌सचं (एनसीपीए) टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं. सुमारे हजार आसनांचं हे नाट्यगृह फिलिप जॉन्सन या वास्तुरचनाकाराने उभारलं आणि त्याची ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांनी केली. भारतीय संगीत शक्यतो मायक्रोफोनशिवाय ऐकता यावं हा त्यामागचा विचार होता. अशा ठिकाणी किंवा एखाद्या वाड्यातल्या दिवाणखान्यात, लाकडी तुळयांखाली, जोडीचे तंबोरे जुळले की आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. खोलीच वाजते आहे असं वाटतं. हे मात्र अजून कुठल्या यंत्रात पकडलेलं मी ऐकलेलं नाही.

कुठे बसावं?

आवाज नीट ऐकायचा असेल तर मधोमध, साउंडवाल्याच्या टेबलाच्या आसपास. तो त्याच्या कानाला बरं वाटेल तसा आवाज लावतो, म्हणजे तिथे सगळ्यात समतोल ऐकू येतो. गायक आणि साथीदारांमधली नजरानजर पाहायची असेल तर पुढे. मोठ्या स्पीकरच्या थेट समोर बसू नका, मग ती जागा मानाची का असेना. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी ‘भारतीय बैठक’ घेणार असाल तर पाठीला टेकायला काहीतरी न्या. सहा तास मांडी घालून बसण्याची सवय आता आपली कोणाचीच राहिलेली नाही.

तबकडीच्या तीन मिनिटांनी आपलं गाणं बदललं असं म्हणतात. नेमकं काय बदललं?

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं आणि गायिका गौहर जान यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या. गाणं संपता संपता त्या ‘माय नेम इज गौहर जान’ असं म्हणतात. त्यामागचं कारण व्यवहारातलं होतं: तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोवरला, आणि तिथल्या माणसांना लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते कळायला हवं होतं. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झालं. तोवर गायकाला भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. खर्जातलं हलकं काम त्यात उमटायचंच नाही, म्हणून खड्या, टोकदार आवाजाला भाव.

वेळेचं गणित तर आणखी कठोर होतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन, फार तर साडेतीन मिनिटं. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एकच आवर्तन सहज पाऊण-एक मिनिट घेतं. म्हणजे संथ लयीतला बडा ख्याल तबकडीवर घ्यायचा तर तीन-चार आवर्तनांत खेळ खलास. मग गायक मध्य किंवा द्रुत लयीतली बंदिश घेत, आलाप दोन-चार स्वरसमूहांत उरकत, ताना दाणेदार आणि नेमक्या घेत. ठुमरी, नाट्यपद, भजन हे प्रकार तबकडीला सोयीचे, म्हणून तेच घराघरांत पोचले.

हे सगळं नुकसानच झालं असं मी म्हणणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐका. त्या एवढ्याशा अवकाशात एक स्वर वाया गेलेला नाही. आजच्या काही लांबलेल्या मैफलींत बसल्यावर मला त्या तबकडीची शिस्त हवीहवीशी वाटते. पण कोणी त्या तबकड्यांवरून जुने लोक ‘असंच आणि एवढंच’ गात असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकेल. ते बैठकीत तीन-तीन तास गात. आपल्या हाती लागला तो त्यांचा चिमूटभर अंश. पुढे लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली आणि बडा ख्याल पहिल्यांदा ऐसपैस बसला. कॅसेट आणि सीडीने उरलीसुरली अडचण दूर केली. गंमत अशी की आता वेळेची मर्यादाच नाही, तर लोक तीस सेकंदांचे तुकडे ऐकतात.

मग रेकॉर्डिंगमुळे मैफलीचं नुकसान झालं की फायदा?

हिशेब मांडला तर माझ्या मते फायद्याची बाजू जड आहे. गदगकडचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची तीच झिंझोटीतली रेकॉर्ड ऐकतो, आपल्याला असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, घर सोडतो, गुरूच्या शोधात उत्तरेत भटकतो आणि शेवटी घराजवळच कुंदगोळला खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्याकडे, शिकायला राहतो. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात १९५३ पासून जो उत्सव भरवला तो आज देशातल्या सगळ्यात मोठ्या संगीत महोत्सवांपैकी एक आहे. त्या उत्सवाची सांगता होते ती सवाई गंधर्वांच्या भैरवीतल्या ठुमरीच्या जुन्या ध्वनिमुद्रणानं. दिग्गज प्रत्यक्ष गाऊन गेल्यावर हजारो लोक उठायचे थांबतात ते एका रेकॉर्डसाठी. मैफल विरुद्ध रेकॉर्ड असा सामना लावणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

नुकसान कुठे झालं, तर घराण्यांच्या, म्हणजे गुरुपरंपरेने आलेल्या गायनशैलींच्या, वेगळेपणात. पूर्वी किराण्याचा शिष्य किराण्याचंच ऐके. जयपूरवाल्याच्या कानावर दुसरं काही पडू नये याची गुरू दक्षता घेत. आज शिकणाऱ्याच्या फोनमध्ये सगळी घराणी एका यादीत असतात. त्यातून काही सुंदर मिश्रणं झाली, आणि काही जण कोणाचेच झाले नाहीत. दुसरं, श्रोत्यांच्या डोक्यात एक ‘प्रमाण’ पाठ बसला. भूप म्हटला की अमुक एक रेकॉर्ड, मग समोरचा कसाही गायला तरी मनात तिच्याशी मोजमाप चालूच.

रेकॉर्डिंग न करता मोठे झालेले गायक होते का?

अगदी न करता म्हणता येणार नाही, पण हातचं राखून करणारे होते. केसरबाई केरकर हे ठळक उदाहरण. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. ध्वनिमुद्रणाबद्दल त्या फार काटेकोर होत्या, म्हणून त्यांच्या दबदब्याच्या मानाने मागे उरलेलं गाणं थोडं आहे. त्या कशा गात हे सांगणारी माणसं आता जवळपास संपली. आणि त्याच केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

उलट टोकाचा माणूस म्हणजे कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. त्याने १९६४ मध्ये, तिशी ओलांडल्यावर थोड्याच काळात, जाहीर कार्यक्रम कायमचे बंद केले आणि पुढे फक्त स्टुडिओत वाजवलं. त्याच्यापुढे लिहिलेलं संगीत होतं. स्वर ठरलेले, ते कसे वाजवायचे एवढाच प्रश्न. ख्यालगायकाला ती चैन परवडेल असं मला वाटत नाही.

स्टुडिओत गाणं ‘दुरुस्त’ करतात म्हणे. शास्त्रीय संगीतातही?

चित्रपटसंगीतात सर्रास. पूर्वी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र बसत आणि एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. आता प्रत्येक जण वेगळा येतो, कानातल्या ठोक्यावर आपापला भाग वाजवून जातो. ओळ जमली नाही तर तेवढीच पुन्हा घेतात. सूर हलला तर संगणक तो सरळ करतो. ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे.

शास्त्रीय गाण्यात हे अवजार नीट चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. ते सुराला जवळच्या ठरलेल्या पायरीवर आणून बसवतं. दरबारीचा कोमल गंधार कुठल्याच पायरीवर उभा नसतो. तो आंदोलित असतो, झुलत राहतो. मींड म्हणजे तर पायऱ्यांमधली वाट. ती सरळ केली की राग मेला. म्हणून चांगले ध्वनिमुद्रक हात लावतात तो खोकल्याला, खुर्चीच्या कुरकुरीला, फार तर फसलेल्या आवर्तनाला. पण अडचण दुरुस्तीची कमी आणि वातावरणाची जास्त असते. समोर काच, काचेपलीकडे एक माणूस, लाल दिवा, भिंती आवाज गिळणाऱ्या. काही गायकांना ही शांतता मानवते. आलाप तिथे अतिशय सुंदर होतो. पुष्कळांना दाद नसली की तान पुरी करावीशीच वाटत नाही.

मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर दोन्हींचा फायदा मिळतो का?

बराचसा, आणि निवड करायची झाली तर मी स्टुडिओतल्या निर्दोष रेकॉर्डपेक्षा हेच घेईन. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत स्पूलचं, म्हणजे फिरक्यांवरच्या टेपचं, ध्वनिमुद्रण यंत्र असायचं. हौशी रसिक बैठका टिपून ठेवत आणि त्या टेप हातोहात फिरत. तुम्ही यूट्यूबवर जे ‘खासगी बैठक’ नावाने ऐकता त्यातलं पुष्कळसं तिथूनच आलेलं आहे. आवाज कधी दबलेला, सुरुवात हुकलेली, टेप बदलताना मधलं आवर्तन गायब. शिवाय कपबशांचा आवाज आणि जवळच बसलेल्या कोणाचीतरी ‘वाहवा’. तरी त्यात गायक मोकळा असतो. दोन रागांमधलं बोलणं असतं, शिष्याला दिलेला इशारा असतो, बिघडलेला तंबोरा पुन्हा लावण्याची दोन मिनिटं असतात.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी १९९० पासून मोठं काम केलं आहे. त्यांच्यासारखे संग्राहक नसते तर शंभर वर्षांपूर्वीचे आवाज भंगारात गेले असते.

मग मीही मैफलीत फोनवर रेकॉर्ड केलं तर?

विचारल्याशिवाय नको. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. त्याच्या संमतीशिवाय ते ध्वनिमुद्रित करणं आणि लोकांत पसरवणं हा त्या हक्काचा भंग ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी, अंधारात तुमचा पडदा मागच्या चार रांगांना दिसतो. आणि स्पूल लावणारा रसिक यंत्र सुरू करून गाणं ऐकायचा. फोन धरणारा चौकट सांभाळत बसतो.

दाद कधी द्यायची? टाळ्या वाजवल्या तर लोक वळून का बघतात?

टाळ्या वाईट नाहीत. आलाप चालू असताना वाजवलेल्या टाळ्या वाईट, कारण त्या स्वराचा धागा तोडतात. तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर आली, तबल्याचा तुकडा जमला, राग संपला, अशा ठिकाणी वाजवा. आलापात मान डोलावणं, हलकेच ‘वा’ म्हणणं पुरतं आणि गायकापर्यंत पोचतं. काही कळलं नाही तर गप्प बसून ऐका. लक्ष देऊन बसलेलं माणूस मंचावरून लगेच ओळखू येतं. न आवडलेल्या जागेला शिष्टाचार म्हणून दाद देऊ नका, गायक फसत नाही. आणि कृपा करून मांडीवर तीनताल धरत शेजाऱ्याला मात्रा ऐकवू नका. तो ज्याचा त्याने मनात मोजायचा असतो.

भावगीतं, नाट्यगीतं ऐकायला जातो तेव्हा ‘रेकॉर्डसारखं’ गायलं नाही की वाईट वाटतं. हे चूक आहे का?

चूक नाही, कारण तिथे मूळ कलाकृती म्हणजे बहुधा रेकॉर्डच. संगीतकाराने प्रत्येक हरकत, प्रत्येक तुकडा विचारपूर्वक बसवलेला असतो आणि लोक तो तसाच मनात घेऊन येतात. पण या दंडकालाही चांगले अपवाद आहेत. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ते पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. गदिमांची ५६ गीतं, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि गाणारे निरनिराळे. पुढे फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, मंचावर एकट्याने ती सगळी गायली, आणि महाराष्ट्राने गीतरामायण आपलं म्हटलं ते त्या आवाजातलं, त्या कार्यक्रमांतलं. रेडिओवर जे वेगळ्या कंठातून आलं होतं ते मैफलीने एका माणसाचं करून टाकलं.

नाट्यगीताचा प्रवास याच्या नेमका उलटा. ते जन्मलं रंगभूमीवर, ‘वन्समोअर’च्या गजरात. एकच पद तीनदा, आणि प्रत्येक वेळी वेगळं. तबकडीने त्यातला एक पाठ गोठवला. आज स्पर्धेतली मुलं तबकडीतली प्रत्येक मुरकी जशीच्या तशी उतरवतात तेव्हा मेहनतीचं कौतुक वाटतं, पण ज्या गायकाने ती मुरकी त्या दिवशी सहज घेतली असेल, दुसऱ्या दिवशी कदाचित घेतलीही नसेल, त्याला हे पाहून हसू आलं असतं.

रात्रीचे राग प्रत्यक्ष ऐकायला का मिळत नाहीत?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. वर्षातले ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. बंदिस्त सभागृहं या नियमातून वगळली आहेत, पण बहुतेक सभागृहांचं आणि शेवटच्या लोकलचंही आपलं वेळापत्रक असतं. मांडवात रात्रभर चालणारे, पहाटे ललत-भैरवाला पोचणारे उत्सव त्यामुळे संपले. शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाचा विचार केला तर नियम रास्त आहे. पण मध्यरात्रीनंतरचा दरबारी आता आपण रात्री नऊला ऐकतो, आणि ललत ऐकायचा तर दिवाळी पहाटेची वाट पाहतो. दुपारच्या सारंगांची आणि मुलतानीची गतही फारशी वेगळी नाही. महोत्सवांची दुपारची सत्रं आहेत म्हणून ते टिकून आहेत. इथे रेकॉर्डिंगचा खरा उपयोग होतो: रात्री दोन वाजता दिवे मालवून दरबारी लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

मैफल फसली तर? पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

फसते. हवा बदललेली असते, आवाज लागत नाही, तबलावादकाशी सूत जुळत नाही. कधी गायकाचा दोषच नसतो: दीपप्रज्वलन, सत्कार, प्रायोजकांचं मनोगत आणि सूत्रसंचालकाच्या चारोळ्या यांत पाऊण तास जातो आणि गायकाला निरोप येतो, ‘जरा आटोपतं घ्या.’ असल्या संध्याकाळीही एखादी ठुमरी उजळून जाते. न गेल्यास मात्र ती हमखास हुकते. पैशाचं म्हणाल तर लहान संगीत मंडळांची वार्षिक वर्गणी काढा. कल्याण गायन समाज, दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, पुण्याचा भारत गायन समाज अशा जुन्या संस्थांच्या कार्यक्रमांत नवे, भुकेले गायक ऐकायला मिळतात. नावाजलेल्यांपेक्षा ते पुष्कळदा जास्त जीव ओतून गातात.

परदेशात राहतो. थेट प्रक्षेपण ऐकलं तर चालेल का?

चालेल, काहीच नसण्यापेक्षा फार बरं. गाणं त्याच क्षणी घडतंय ही जाणीव त्यात आहे. गायक तुम्हाला ऐकत नाही एवढीच उणीव. एक करून पाहा: चार-पाच जणांना घरी बोलवा आणि एकत्र ऐका. एकट्याने ऐकताना माणूस दहाव्या मिनिटाला फोन उघडतो, चौघांत बसून ऐकताना लाजतो.

लहान मुलांना न्यावं का?

न्या, दाराजवळ बसा, कंटाळली की उठा. तबल्याच्या सोलोला किंवा जुगलबंदीला मुलं रमतात. दीड तासाच्या विलंबिताची सक्ती करू नका.

जाण्याआधी त्या गायकाच्या रेकॉर्ड ऐकून जावं?

त्या गायकाच्या नको, निदान आदल्या दिवशी तरी नको. मग समोरच्या गाण्यात तुम्ही रेकॉर्ड शोधत बसाल. त्यापेक्षा दोन-तीन मोठे राग वेगवेगळ्या गायकांकडून ऐकून ठेवा. यमन, भूप, मालकंस यांनी सुरुवात करा. एकाच यमनची चार माणसं चार घरं कशी बांधतात हे एकदा कानाला कळलं की मैफलीत पाचवं घर उभं राहताना दिसू लागतं. मैफलीहून आल्यावर मात्र जरूर ऐका. तेव्हा रेकॉर्डमध्ये आधी न दिसलेल्या वाटा सापडतात.

राग ओळखता आला नाही म्हणून अडून राहू नका. बहुतेक वेळा गायक आरंभी सांगतो. नाहीच सांगितला तर मध्यंतरात चहाच्या रांगेत कोणालाही विचारा. सांगायला सगळ्यांनाच आवडतं. फक्त उत्तर रागाच्या नावापाशी थांबणार नाही, तर तो राग १९७० साली कोणी कसा गायला होता इथवर जाईल, तेव्हा रांगेत थोडं आधीच उभे राहा.